दौडीचा गौरव आणि म्हाताऱ्या घोड्याचा हिशेब

१/२४
मराठ्यांच्या इतिहासात घोडा सर्वत्र आहे. चित्रांत आहे, पुतळ्यांत आहे, शिवजयंतीच्या फलकांवर आहे. मात्र तो नेहमी पाच-सात वर्षांचाच असतो: मान ताठ, आयाळ वाऱ्यावर, पुढचे पाय हवेत. दात झिजलेला, पाठ खोलगट झालेला, सकाळी उठताना सांधे धरणारा घोडा कोणत्याही फलकावर दिसत नाही. आणि तरीही कोणतीही फौज केवळ तरण्या घोड्यांवर चालली नाही. हा धागा त्या दुसऱ्या घोड्याविषयी आहे, त्याच्या म्हातारपणाविषयी आणि त्याच्याकडून लांबचा पल्ला मागणाऱ्या माणसाच्या जबाबदारीविषयी.

२/२४
परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे ठिकाण कोणत्याही लढाईसाठी प्रसिद्ध नाही. जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे एक वळण. परंतु हाच पट्टा घोड्यांच्या टापांना अनोळखी नव्हता. १७२७ च्या अखेरीस निजामाविरुद्धच्या मोहिमेत पहिल्या बाजीरावांची फौज शेजारच्या जालना-सिंदखेड भागात उतरली होती. तीच मोहीम पुढे फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला संपली. आज याच भागात घोडा दोन रूपांत भेटतो. एक, वरातीत आणि मिरवणुकीत सजवून उभा केलेला. दुसरा, मेंढ्यांच्या कळपाबरोबर धनगराचा संसार पाठीवर घेऊन चालणारा.

३/२४
अलीकडे या दोन रूपांत तिसऱ्याची भर पडते आहे. इतिहासप्रेमी तरुण गडकोटांच्या आणि रणभूमीच्या वाटा घोड्यावरून पार करण्याची स्वप्ने पाहतात. स्वप्न उत्तम आहे. प्रश्न इतकाच की, भाड्याने मिळणारा घोडा पुष्कळदा वयस्क असतो आणि त्याचे वय कोणी विचारत नाही. येथे मांडायचे मत असे: म्हातारा घोडा लांब पल्ल्यासाठी निरुपयोगी नसतो, नीट राखला तर तो भरवशाचाच असतो. पण त्याची राखण न करता त्याच्यावर स्वार होणे म्हणजे ज्या परंपरेचा जयजयकार करायचा, तिचाच पहिला नियम मोडणे होय.

४/२४
तो नियम कोठे दिसतो? कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस लिहिलेल्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. ही उतरंड बहुतेकांना पाठ असते. तिच्यालगतचा तपशील मात्र क्वचितच सांगितला जातो: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर यांची व्यवस्था लष्कराच्या सर्वांत लहान तुकडीतच बसवलेली होती. तलवार चालवणारे पंचवीस, आणि त्यांचे घोडे चालते ठेवणारे दोघे त्यांच्याबरोबरच.

५/२४
हीच बखर आणखी एक गोष्ट सांगते. पावसाळ्यात फौज छावणीस येई. त्याआधीच तेथे दाणा, वैरण आणि औषधे साठवलेली असत; माणसांसाठी आणि घोड्यांसाठी छपरे गवताने शाकारून ठेवलेली असत. दसऱ्याला कूच होई आणि पुढचे आठ महिने मुलूखगिरी चाले. वर्षाचा एक तृतीयांश काळ घोड्याला विश्रांती, हा काही दयेचा भाग नव्हता. चिखलात पाय गमावलेला आणि ओल्या जागेत खूर कुजलेला घोडा दसऱ्याला उपयोगी पडत नाही, हे साधे गणित होते. आठ महिन्यांच्या दौडीचे बळ चार महिन्यांच्या राखणीतून येत असे.

६/२४
या गणिताचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र. रयतेच्या रक्षणाचा दाखला म्हणून ते नेहमी दिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण पत्राचा आरंभबिंदू घोडा आहे. पागेसाठी जमवलेला दाणा आणि गवत आताच मनमानी खर्च केले, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल, असा त्याचा आशय. मग उपाशी पागेचे लोक रयतेच्या घरात शिरतील, ही पुढची पायरी. दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तर गवताची गंज जळेल, इतक्या बारकाव्यापर्यंत हा इशारा जातो.

७/२४
या पत्राचे सार एका वाक्यात मांडता येते: श्रावणात मरणाऱ्या घोड्याचे मरण वैशाखातच ठरलेले असते. तरुण घोड्याच्या अंगात चुका पचवण्याची ताकद असते. एखादा आठवडा उपासमार झाली तरी तो सावरतो. वयस्क घोड्याकडे ही शिल्लक नसते. एकदा उतरलेले मांस त्याच्या पाठीवर लवकर चढत नाही, एकदा सुजलेली शीर लवकर बसत नाही. म्हणून वेळेआधी विचार करण्याची ही शिस्त सर्वांत जास्त लागू पडते ती म्हाताऱ्या घोड्याला. स्वारीच्या आदल्या दिवशी घेतलेली काळजी म्हणजे अक्षरशः वरातीमागून घोडे.

८/२४
आता या व्यवस्थेतील एक कळीचा फरक. बारगिराचा घोडा सरकारी असे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. शिलेदाराला घोडा गमावणे म्हणजे उदरनिर्वाह गमावणे, त्यामुळे तो त्याला जपे, प्रसंगी लढाईत हात राखूनही ठेवे. बारगिराला तशी भीती नसे; म्हणून तेथे हजेरी, तपासणी आणि हवालदाराची नजर आवश्यक ठरे. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा माणूस घोड्याची थकवणूक पाहतोच असे नाही, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना ठाऊक होते. भाड्याच्या घोड्यावर बसणारा आजचा स्वार हा बारगीरच आहे. फरक एवढाच की, त्याच्यावर हवालदार नाही.

९/२४
राखण मोडली म्हणजे काय होते, हे पानिपताने दाखवून दिले. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईपूर्वी मराठ्यांची छावणी जवळपास अडीच महिने अडकून पडली. रसद तुटली, दाणा-वैरण संपत गेली, जनावरे तडफडून मेली. लढाईच्या सकाळी जे घोडे बाहेर पडले ते भुकेने खंगलेले होते. पानिपताच्या चर्चेत सेनापतींचे निर्णय, तोफा आणि युती यांवर रात्री जागवल्या जातात. पण स्वाराच्या मांडीखालचे जनावर दुपारपर्यंत तग धरू शकणार होते का, हा प्रश्न तितकाच निर्णायक होता. उपाशी घोड्याचे शौर्य ही केवळ कवीची कल्पना असते.

१०/२४
आणि जेथे वेग खरोखर विलक्षण होता, तेथेही तो फुकट आला नव्हता. मार्च १७३७ मध्ये बाजीरावांनी नेहमीची दहा दिवसांची मजल दोन दिवसांत मारून दिल्ली गाठली. हे शक्य झाले ते जड सामान आणि बुणगे मागे ठेवल्यामुळे. लांब पल्ल्याचे तत्त्व सर्वच घोडदळांना माहीत होते: ओझे वाटून द्या, घोडा बदला. अकबराच्या मनसबदारीत दहा स्वारांमागे वीस घोड्यांचे प्रमाण ठरवलेले होते. मोकळा चालवत नेलेला कोतल घोडा ही चैन नव्हती, गरज होती. त्या काळी एका स्वारामागे दोन घोडे. आजच्या जत्रेत आणि पर्यटनस्थळी एका घोड्यामागे दिवसभरात दहा स्वार.

११/२४
मग घोडा म्हातारा झाला हे ओळखायचे कसे? भारतात अश्ववैद्यकाची परंपरा प्राचीन आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेले ज्ञान, नकुलाच्या नावावरचे अश्वशास्त्र, जयदत्ताचे अश्ववैद्यक हे तिचे टप्पे. पुढे यांतील ज्ञान फारसीतही गेले. पागेतल्या घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत, तो शब्द शालिहोत्रावरूनच आला. या परंपरेत वय दातांवरून पाहत, आणि आजचा पशुवैद्यही प्रथम तोंडच उघडतो. पाचव्या वर्षापर्यंत कायमचे पुढचे दात पूर्ण येतात. साधारण दहाव्या वर्षी वरच्या कडेच्या दातावर हिरडीजवळ एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर, विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोचते. अंदाज ढोबळ असतो, पण विक्रेत्याच्या शब्दापेक्षा बरा.

१२/२४
दात केवळ वय सांगत नाहीत, आयुष्यही ठरवतात. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून थोडेथोडे वर येतात आणि चघळण्याने दरवर्षी दोन-तीन मिलिमीटर झिजतात. उतारवयात हा साठा संपत येतो. कडा धारदार होतात, गाल आणि जीभ कापतात, काही दात पडतात. मग घोडा वैरण तोंडात घेऊन चघळतो आणि तिचे गोळे खाली टाकतो. शेणात लांब काड्या दिसतात, दाणा तसाच बाहेर पडतो. मालक म्हणतो, खाणे भरपूर आहे पण अंगी लागत नाही. कारण पोटात नसून तोंडात असते. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून दात घासून घेणे हा म्हाताऱ्या घोड्याच्या तयारीचा पहिला टप्पा आहे.

१३/२४
मराठवाड्यातील वैरण म्हणजे ज्वारीचा कडबा. तरुण जनावरासाठी तो उत्तम. झिजलेल्या दातांना मात्र त्याची जाड ताटे आव्हान ठरतात. उपाय महाग नाहीत. कडबा बारीक कुट्टी करून पाणी शिंपडून द्यावा, त्यात मऊ वाळलेले गवत मिसळावे, हरभऱ्याची चंदी रात्रभर भिजवून द्यावी. दाणा एकदम न देता दिवसातून तीन-चार वेळा थोडाथोडा द्यावा, कारण घोड्याचे पोट लहान असते आणि त्याला उलटी करता येत नाही. चुकीचा किंवा अति आहार थेट पोटशूळ घडवतो. एकूण कोरडी वैरण दररोज वजनाच्या दीड ते दोन टक्के असावी: अडीचशे किलोच्या तट्टाला चार ते पाच किलो. कोवळी हिरवी ज्वारी मात्र टाळावी. तिच्यात विष असते. मीठ रोज हवे, आणि खाद्यातील प्रत्येक बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करायला हवा.

१४/२४
परंतु केवळ खाण्याने घोडा तयार होत नाही, आणि इथेच घोडे पेंड खाते. मराठी घरांत एक जुने कोडे विचारतात: पान का सडले, घोडा का अडला, भाकरी का करपली? तिन्हींचे उत्तर एकच, फिरवले नाही म्हणून. आजच्या अश्वविज्ञानाने या कोड्याला दुजोराच दिला आहे. म्हातारे सांधे विश्रांतीने सुटत नाहीत, अधिक धरतात. महिनोन्‌महिने खुंट्याला बांधलेला घोडा एका दिवसासाठी सजवून बाहेर काढणे, हा त्याच्यावरचा सर्वांत मोठा अन्याय आहे. अठरा वर्षांचा रोज चालणारा घोडा नऊ वर्षांच्या बांधून ठेवलेल्या घोड्यापेक्षा लांबच्या वाटेला अधिक लायक ठरू शकतो.

१५/२४
ही तयारी आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावी लागते. लांब विश्रांतीनंतर पहिले चार आठवडे केवळ कदम चाल. आठवड्यातून चार-पाच दिवस, अर्ध्या तासापासून तासापर्यंत. त्यानंतर थोडी दुडकी, हलके चढउतार, आणि अंतर हळूहळू वाढते. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नयेत. मोठ्या चालीनंतर पूर्ण विसावा. श्वास आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. शिरा, सांधे आणि हाडे यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. घोडा ताजातवाना दिसू लागतो तेव्हाच स्वाराला मोह होतो, आणि तेव्हाच पाय जायबंदी होतात. प्रत्यक्ष स्वारीतही पहिली पंधरा मिनिटे चालीची आणि शेवटचा टप्पा उतरून पायी चालण्याचा असावा. जुन्या घोडदळांतही ही शिस्त होती.

१६/२४
पायांची गोष्ट निराळी सांगायला हवी. मराठ्यांची तट्टे माती, मुरूम आणि खडक तुडवत गेली. आजचा घोडा डांबर आणि काँक्रीटवर चालतो. कठीण रस्त्यावरील प्रत्येक पाऊल सांध्यांना हादरा देते आणि लोखंडी नाल गुळगुळीत डांबरावर घसरते. खूर सतत वाढतो, म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाने खूर कापून नाल नव्याने बसवायला हवी. नाल झिजलेली नाही म्हणून ती तशीच ठेवणे ही फसवी काटकसर आहे. वाढलेला खूर पायाचा कोन बिघडवतो. दररोज खूर साफ करणे, पायांवरून हात फिरवून कोठे ऊब किंवा सूज आहे का पाहणे, हे पाच मिनिटांचे काम मोठा खर्च वाचवते. गाव सुटल्यावर रस्त्याकडेच्या मातीवरून जाणे हा सर्वांत स्वस्त उपचार.

१७/२४
परभणीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर सहज जातो, आणि लग्नसराई त्याच दिवसांत येते. वयस्क घोड्याचे शरीर तरुणापेक्षा लवकर तापते. मध्यम आकाराच्या घोड्याला उभ्या जागीही दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. उन्हात चालताना हा आकडा दुपटीच्या पुढे जातो. पखालजीचे महत्त्व येथे कळते. थकव्याचे मोजमापही सोपे आहे. विश्रांतीत घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत थांब्यावर नाडी ठरावीक वेळेत साधारण ६४ ठोक्यांच्या आत आली नाही, तर घोडा बाद होतो. जबड्याखालच्या धमनीवर बोट ठेवून घड्याळ पाहणे कोणालाही शिकता येते. अर्ध्या तासानेही नाडी उतरत नसेल, घोडा पाणी नाकारत असेल, हिरड्या कोरड्या पडल्या असतील, तर स्वारी तेथेच संपली.

१८/२४
कायदाही मूक नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. ओझी वाहणाऱ्या आणि ओढणाऱ्या जनावरांचे नियम १९६५ चे. त्यांनुसार तट्टाच्या पाठीवरील ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम देता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन काम बंद. घोडेस्वारीत एक सर्वमान्य आडाखा असाही आहे की, स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जड असू नये. अडीचशे किलोच्या तट्टाला म्हणजे पन्नास किलो. घोडा म्हातारा असेल तर त्याहूनही कमी. हा आकडा वाचून अनेक दणकट इतिहासप्रेमींनी पायी चालण्याचा विचार करावा, यात कमीपणा काही नाही.

१९/२४
यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: दख्खनचे घोडे काटक, आपल्या पूर्वजांनी त्यांच्यावर हिंदुस्थान पालथा घातला, एवढे लाड कशाला? काटकपणा खरा आहे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू थोड्या चाऱ्यावर लांब चालण्यासाठीच नावाजले गेले, आणि २०२३-२४ च्या सुमारास राष्ट्रीय पातळीवर त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली. परंतु काटकपणा म्हणजे अमरत्व नव्हे. ज्यांनी हिंदुस्थान पालथा घातला, त्यांनीच पंचवीस घोड्यांमागे पखालजी आणि नालबंद नेमले होते. आजही हे तट्टू टिकवले ते मेंढपाळांनी. त्यांच्या वाटचालीत वेग कळपाचा असतो, थांबे चाऱ्यापाण्याचे असतात आणि पाठीवर संसार असतो, स्वार नव्हे. लांब पल्ल्याचे खरे ज्ञान या चालण्यात आहे, भरधाव रपेटीत नाही.

२०/२४
दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: मग म्हाताऱ्या घोड्यांवर बसणेच बंद करा. हेतू करुणेचा आहे, पण परिणाम तसा होईलच असे नाही. काम थांबले की उत्पन्न थांबते, उत्पन्न थांबले की चंदी थांबते. मग घोडा विकला जातो, सोडून दिला जातो किंवा कोपऱ्यात बांधून ठेवला जातो. कोड्यातला अडलेला घोडा तोच. योग्य उत्तर बंदी नव्हे, मात्रा आहे. दिवसाला चाळीस किलोमीटरऐवजी बारा. प्रौढ पुरुषाऐवजी हलका, शिकलेला स्वार. ढोल-डॉल्बीपुढे उभे राहण्याऐवजी पहाटेची मोकळी चाल. काम कमी होत होत थांबावे. ते तुटू नये आणि ताणलेही जाऊ नये.

२१/२४
तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: हे सारे परवडणार कोणाला? घोडेवाला स्वतः हातावर पोट असलेला माणूस. त्याला दोष देऊन सुटका नाही. याचेही उत्तर इतिहासात आहे, आणि तेही याच परिसराच्या जवळ. हिंगोलीला १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. शिलेदारीची मराठी पद्धत ब्रिटिश भारतीय घोडदळाने पहिल्या महायुद्धापर्यंत चालू ठेवली. त्या पलटणींत प्रत्येक स्वार दरमहा चंदा फंडात पैसे भरी; घोडा मेला किंवा वयामुळे बाद झाला, की फंडातून दुसरा मिळे. एकट्या स्वारावर घोड्याच्या म्हातारपणाचा भार पडू नये, ही त्यामागची कल्पना. भार वाटला की जनावराला शेवटच्या थेंबापर्यंत पिळण्याची सक्ती उरत नाही.

२२/२४
हे तत्त्व आज वापरता येणार नाही असे नाही. जे मंडळ दरवर्षी मिरवणुकीसाठी घोडे आणते, त्याने भाड्यापलीकडे दर घोड्यामागे ठरावीक रक्कम दात, खूर आणि लसीकरण यांसाठी बाजूला काढावी. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. स्वारीपूर्वी तपासणी करून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा आणि नंदुरबारमधील सारंगखेड्याची यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहेत. तेथे दात तपासून वय सांगणारा तटस्थ पशुवैद्य बसला, तर खरेदीदार आणि घोडा दोघांचेही भले होईल. आणि कोणत्याही मोहिमेच्या आमंत्रणपत्रिकेवर स्वारांच्या नावांखाली घोड्यांची वये छापावीत. एवढ्यानेही अनेक गोष्टी आपोआप बदलतील.

२३/२४
एक तुलना विचार करायला लावते. शेजारच्या जालना जिल्ह्यात असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने मराठ्यांशी लढाई जिंकली. त्या दिवशी त्याच्याखालचा एक घोडा ठार झाला आणि डायोमेड नावाचा दुसरा भाल्याने जखमी झाला. पुढे वॉटर्लूच्या लढाईत त्याच्याबरोबर असलेला कोपनहेगन १८०८ साली जन्मला, १८३६ साली अठ्ठाविसाव्या वर्षी मेला. त्याला कामातून निवृत्ती मिळाली आणि त्याच्या थडग्यावर दगडही बसला. मराठी मन प्राण्यांविषयी कोरडे नव्हते. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. पण पागेच्या यादीतला घोडा रंगाने आणि संख्येने नोंदला जाई: कुमेत, अबलख, पंचकल्याण. त्याचे म्हातारपण कोणी लिहायचे, हे काम आजच्या पिढीसाठी शिल्लक आहे.

२४/२४
ते लिहिण्याचा मार्ग समाधी बांधण्याचा नाही. इतिहासाच्या वाटेवर घोडा न्यायचा असेल, तर त्याचे वय विचारणे, तोंड उघडून दात पाहणे, पायावरून हात फिरवणे, नाडी मोजणे आणि घोडा नाही म्हणाला तर लगाम हातात धरून चालत परतणे, हाच तो मार्ग. चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात घोड्याच्या मरणाचा दोष पावसाला दिलेला नाही, नशिबालाही दिलेला नाही. ज्यांच्या ताब्यात वैरण होती त्यांच्यावर तो ठेवलेला आहे. ज्याच्या हाती लगाम, त्याच्यावर जबाबदारी. महाराजांच्या घोडदळाचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य लागू आहे, आणि घोडा जितका म्हातारा, तितके ते अधिक लागू आहे.